पेनिसिलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी

१९४१ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत इंग्लंडमधील ऑक्सफर्ड शहरांत एक चमत्कारिक वाहतूक चालू होती. रॅडक्लिफ इन्फर्मरी या रुग्णालयांतील एका रोग्याचें मूत्र जपून सांठवून सायकलीवरून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत नेलें जाई. तेथें त्यावर रासायनिक क्रिया करून त्यांतील औषधाचा अंश वेगळा काढीत, आणि तोच अंश परत आणून पुन्हां त्याच रोग्याच्या शिरेंत टोचीत. त्या औषधाचा सांठा साऱ्या जगांत इतका अल्प होता कीं, रोग्याच्या शरीरांतून वाहून गेलेला कणही फुकट घालविणें परवडण्यासारखें नव्हतें.

तें औषध म्हणजे पेनिसिलिन, आणि तो रोगी म्हणजे अल्बर्ट अलेक्झांडर नांवाचा ४३ वर्षांचा पोलीस शिपाई. गुलाबाचा कांटा लागून त्याच्या तोंडावर जखम झाली व ती चिघळली, अशी गोष्ट सर्वत्र सांगतात. ती जखम बाँबहल्ल्यांत झाली होती, असेंही पुढें सांगण्यांत आलें. कारण कांहींही असो, जंतु त्याच्या रक्तांत भिनले होते, चेहरा गळवांनीं भरला होता, आणि एक डोळा काढून टाकावा लागला होता. १२ फेब्रुवारी रोजीं त्याला पहिली मात्रा टोचली. दुसऱ्याच दिवशीं त्याचा ताप उतरणीस लागला, मग जखमा सुकूं लागल्या, त्याला भूक लागूं लागली. आणि मग औषध संपलें. कांहीं दिवस तो बरा दिसला. परंतु जे जंतु शिल्लक राहिले होते त्यांनीं पुन्हां उचल खाल्ली, व १५ मार्च रोजीं तो मरण पावला.

नेहमींच्या बोलण्यांत आपण ज्यांना अँटिबायॉटिक म्हणतों, तीं औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम आहे. हा नियम म्हणजे सरकारी कारभाराची एक कटकट, किंवा दवाखान्याची फी चालू ठेवण्याची युक्ति, असें समजणारीं सुशिक्षित माणसें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. या औषधांची जन्मकथा नीट वाचली तर मात्र असें दिसतें कीं, त्या चिठ्ठीचीं कारणें औषधाबरोबरच जन्मास आलीं आहेत. कांहीं तर औषधाच्याही आधीं. तीच कथा आज सांगावयाची आहे.

लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग १९२८ च्या सप्टेंबरांत सुटीहून परत आले, एका कांचेच्या बशींत बुरशी वाढलेली त्यांना दिसली, आणि तिच्या भोंवतालचे जंतु नाहींसे झालेले आढळले, ही हकीकत शाळेंतील मुलांनाही पाठ आहे. म्हणून ती लांबवीत नाहीं. त्यांनीं १९२९ मध्यें यावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या मथळ्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. त्या मथळ्यांत रोग बरे करण्याची गोष्टच नाहीं. इन्फ्लुएंझाच्या रोग्यांच्या घशांत सांपडणारा एक विशिष्ट जंतु इतर जंतूंच्या गर्दींतून निवडून काढण्यास बुरशीचा हा रस उपयोगी पडतो, असें फ्लेमिंग यांचें म्हणणें होतें. कारण या रसानें इतर जंतु मरत आणि हा मात्र मरत नसे. म्हणजे पेनिसिलिन प्रथम उपयोगास आलें तें चाळणी म्हणून, आणि तेंही तें अमक्या जंतूला मारीत नाहीं या गुणामुळें! 'औषधानें जंतु मरतात' हें वाक्य अर्धेंच खरें आहे, हें त्याच्या शोधकाला पहिल्याच वर्षीं ठाऊक होतें. दुसरीही एक गंमत आहे. ज्या रोगाचें नांव त्या जंतूला मिळालें होतें तो इन्फ्लुएंझा मुळीं त्या जंतूचा रोग नव्हेच. तो विषाणूचा आहे, हें १९३३ मध्यें सिद्ध झालें. पडसें, साधा खोकला, फ्ल्यू हे बहुतेक विषाणूंचे विकार, आणि विषाणूंवर पेनिसिलिन किंवा त्याच्या भाऊबंदांपैकीं कोणतेंही औषध चालत नाहीं. आपल्या घरोघरीं पावसाळ्याच्या तोंडीं ज्या गोळ्या घेतल्या जातात, त्यांतील कितीतरी अशा रीतीनें नेम नसलेल्या दिशेस सोडलेले बाण असतात.

फ्लेमिंग यांना तो रस शुद्ध व टिकाऊ करतां आला नाहीं. तें काम दहा-अकरा वर्षांनीं ऑक्सफर्डमध्यें हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व नॉर्मन हीटली यांनीं हातीं घेतलें. २५ मे १९४० रोजीं, म्हणजे डंकर्कहून इंग्रज सैन्याची माघार सुरू होण्याच्या आदल्या दिवशीं, त्यांनीं ८ उंदरांना घातक जंतु टोचले आणि त्यांपैकीं ४ उंदरांना पेनिसिलिन दिलें. हीटली रात्रभर पाहत बसले होते. पहाटेपर्यंत औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते. औषध मिळालेले चारही जिवंत होते. शत्रूचें सैन्य इंग्लंडांत उतरलें तर बुरशी त्याच्या हातीं लागूं नये, पण आपल्याजवळ मात्र राहावी, म्हणून या मंडळींनीं आपल्या कोटांच्या अस्तरांना बुरशीचे कण चोळून ठेवले होते. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत असे प्रसंग फार थोडे सांपडतात.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अर्न्स्ट चेन व त्यांचे तरुण सहकारी एडवर्ड अब्राहम यांनीं 'नेचर' या नियतकालिकांत एक लहानसें पत्र छापलें. आंतड्यांत राहणाऱ्या एका जंतूपासून त्यांनीं असा पदार्थ मिळविला होता कीं, तो पेनिसिलिनचाच नाश करतो. त्याला पेनिसिलिनेज असें नांव मिळालें. तारखा लक्षांत घ्या. शिपाई अलेक्झांडर याला पहिली टोचणी मिळावयास अद्याप दीड-दोन महिने होते. ऑक्सफर्डमध्यें एकही आजारी माणूस या औषधानें बरा झालेला नव्हता, आणि हें औषध मोडून टाकणारें हत्यार जंतूंपाशीं आहे, ही गोष्ट छापून प्रसिद्ध झालेली होती.

पुढला भाग अमेरिकेंतला. १९४१ च्या उन्हाळ्यांत फ्लोरी व हीटली तिकडे गेले. इलिनॉय संस्थानांतील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेंत, मक्यापासून पिष्ट काढतांना जें दाट पाणी उरतें, त्यांत ही बुरशी जोमानें वाढते असें आढळलें. आणि १९४३ मध्यें त्याच गांवच्या बाजारांतील एका खरबुजावर अशी बुरशी मिळाली कीं, तिच्या वंशजांनीं पुढें कारखानेच्या कारखाने चालविले. १९४२ च्या मार्चमध्यें न्यू हेवन येथील अ‍ॅन मिलर या बाईंना पेनिसिलिन दिलें तेव्हां अमेरिकेंतील एकूण सांठ्याचा सुमारें अर्धा त्या एकट्यांना लागला. त्या वांचल्या आणि १९९९ पर्यंत जगल्या. अवघ्या दोन वर्षांनीं, १९४४ च्या जूनमध्यें, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्याला पुरेल इतकें पेनिसिलिन तयार होतें. १९४५ च्या मार्चपासून तें अमेरिकेंतील औषधांच्या दुकानांत मिळूं लागलें. मलमें निघालीं, चघळण्याच्या गोळ्या निघाल्या. मूत्रांतून गाळून परत मिळविलेलें द्रव्य चार वर्षांत फळीवर येऊन बसलें.

याच वर्षीं फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना नोबेल पारितोषिक मिळालें. ११ डिसेंबर १९४५ रोजीं स्टॉकहोम येथें दिलेल्या भाषणाच्या अखेरीस फ्लेमिंग यांनीं एक कल्पित गोष्ट सांगितली. 'क्ष' नांवाच्या गृहस्थांचा घसा दुखूं लागतो. ते दुकानांतून पेनिसिलिन विकत आणतात आणि आपल्याच मतानें थोडेंसें घेतात. जंतु मरावयास तें अपुरें पडतें, पण जंतूंना त्याची संवय व्हावयास पुरतें. मग तोच आजार ते पत्नीला देतात. तिला न्युमोनिया होतो, डॉक्टर पेनिसिलिन देतात, पण जंतु आतां दाद देत नाहींत, आणि ती बिचारी दगावते. तिच्या मृत्यूचा दोष कोणाकडे, असें विचारून फ्लेमिंग यांनीं बोट त्या गृहस्थांकडेच दाखविलें. स्वतःच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं पाहिलें होतें कीं, मारावयास अपुरी अशी मात्रा जंतूंना दिली म्हणजे ते सहज निगरगट्ट होतात. आपल्या गौरवाच्या सभेंत आपल्याच औषधाविषयीं अशी गोष्ट सांगणारा माणूस विरळा.

मला मात्र या गोष्टींत एक बारीकसें वैगुण्य दिसतें, आणि तें सांगण्यासारखें आहे. फ्लेमिंग यांनीं उदाहरणादाखल घेतलेला घशाचा जंतु म्हणजे स्ट्रेप्टोकोकस. नशिबाचा खेळ असा कीं, घसा धरविणारा हा जंतु आज ऐंशी वर्षांनींही पेनिसिलिनला मुकाट्यानें शरण येतो. उलटला तो दुसराच : गळवें करणारा स्टॅफिलोकोकस, म्हणजे फ्लेमिंग यांच्या त्या पहिल्या बशींतला. आणि तो उलटला तोही कोणा 'क्ष' गृहस्थांच्या घरीं नव्हे, तर रुग्णालयांत. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत मेरी बार्बर या विदुषींनीं रोग्यांपासून मिळालेल्या या जंतूंची तपासणी केली. १९४६ मध्यें पेनिसिलिनला न जुमानणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १४ होतें, १९४७ मध्यें ३८, आणि १९४८ मध्यें ५९. त्यांच्यापाशीं पेनिसिलिनेज होतें. जे दुर्बळ ते औषधानें मेले. जे थोडे हत्यारबंद होते त्यांना मोकळें रान मिळालें, आणि ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पसरले. म्हणजे जंतूंना 'शिकविलें' असें म्हणण्यापेक्षां आपण त्यांना निवडून वाढविलें, असें म्हणणें खरें होईल. औषध कमी घेतलें तरच हें होतें असें नाहीं; नको तेथें घेतलें, किंवा उगाच लांबविलें, तरीही शरीरांतल्या निरुपद्रवी जंतूंत हीच निवड चालू राहते.

ब्रिटिश पार्लमेंटानें १९४७ मध्यें कायदा करून पेनिसिलिन डॉक्टरांच्या हुकमतीखालीं आणलें. औषध मुबलक झाल्यावर त्यावर बंधन आलें, तुटवड्यामुळें नव्हे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां कोणी म्हणेल, घशाचा जंतु जर पेनिसिलिनला शरण येतो, तर दोन दिवस गोळ्या घेऊन घसा मोकळा झाल्यावर थांबलें म्हणून काय बिघडलें? याचेंही उत्तर इतिहासांतच आहे. अमेरिकेंतील वायोमिंग संस्थानांत वॉरन येथें विमानदलाची छावणी होती. तेथील जवानांत घशाचा हा विकार फार. आणि त्याच्या मागोमाग कित्येकांना सांधे धरणारा व हृदयाच्या झडपा नासविणारा ऱ्हुमॅटिक ताप येई. घशाच्या विकारावर वेळींच पेनिसिलिन दिलें तर हा पुढला ताप टळतो, असें तेथील डॉक्टरांनीं १९५० मध्यें दाखवून दिलें. अर्थात घसा दुखायचा थांबणें हा औषध थांबविण्याचा संकेत नव्हे. जंतु घशांतून समूळ जावा लागतो, आणि त्याला दहा दिवसांचा क्रम लागतो, असें पुढें ठरलें. लहानपणच्या दुर्लक्षित घशानें तिशींत झडप बदलून घेण्याची पाळी आलेलीं माणसें आपल्या देशांत थोडीं नाहींत.

मात्र दहा दिवस हा कांहीं सार्वत्रिक मंत्र नव्हे. न्युमोनियासारख्या कांहीं विकारांत, प्रकृति नीट सुधारत असेल तर, पांच दिवसही पुरतात, असें अलीकडील संशोधनांत दिसून आलें आहे. आणि क्षयाला सहा महिनेही लागतात. 'सगळें पाकीट संपवा' हा जुना उपदेश आणि 'बरें वाटलें कीं थांबा' हा नवा सल्ला, हे दोन्ही रोगाचें नांव विचारल्यावांचून दिलेले आहेत. दिवसांची संख्या रोगावरून ठरते, आणि ती चिठ्ठीवर लिहिलेली असते. ती लिहिलेली नसेल तर डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावी. यांत संकोच करण्यासारखें कांहीं नाहीं.

क्षयाचें नांव निघालें म्हणून त्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मातींतील एका सूक्ष्म जीवापासून १९४३ मध्यें सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत अल्बर्ट शात्झ यांनीं स्ट्रेप्टोमायसिन शोधून काढलें. इंग्लंडांत १०७ क्षयरोग्यांवर त्याची पद्धतशीर परीक्षा झाली व तिचा वृत्तांत १९४८ मध्यें प्रसिद्ध झाला. नुसती विश्रांति दिलेल्या ५२ रोग्यांपैकीं सहा महिन्यांत १४ दगावले. औषध दिलेल्या ५५ पैकीं फक्त ४. केवढा हर्ष झाला असेल! पण पांच वर्षांनीं पुन्हां मोजदाद केली तेव्हां औषध मिळालेल्यांपैकीं ३२ व न मिळालेल्यांपैकीं ३५ मरण पावलेले होते. एकटें औषध दिल्यामुळें जंतु त्याला सरावले होते. दोन किंवा अधिक औषधें एकत्र दिलीं म्हणजे हा प्रकार पुष्कळसा टळतो, हें लवकरच कळलें.

यापुढचा धडा आपल्याच देशांत मिळाला. मद्रास येथें १९५६ मध्यें क्षयावरील औषधोपचाराचें केंद्र निघालें. तेथें कांहीं गरीब रोग्यांना आरोग्यभुवनांत ठेवलें, व कांहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरींच गोळ्या दिल्या. घरीं राहिलेले रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले, असा निष्कर्ष १९५९ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि साऱ्या जगाची उपचारपद्धति त्यानें बदलली. परंतु त्या घरच्या उपचारामागें केवढी जागरूकता होती! रोग्यानें गोळी खरोखरच घेतली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं केंद्रांतले लोक अवचित घरीं जात, गोळ्या मोजीत, आणि मूत्र तपासून पाहत. ऑक्सफर्डमध्यें औषध परत मिळविण्यासाठीं मूत्र सांठविलें, मद्रासेंत औषध पोटांत गेलें याचा पुरावा म्हणून.

महाराष्ट्राचाही या इतिहासांत वांटा आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्यें स्थापन झाला, आणि १९५५ मध्यें तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. फ्लेमिंग त्याच वर्षाच्या मार्चमध्यें निवर्तले. परदेशांतून येणाऱ्या कुप्यांवर अवलंबून असलेल्या देशाला या कारखान्यानें केवढा दिलासा दिला असेल, हें जुन्या पिढीकडून ऐकावें. स्वस्ताईचा दुसरा परिणाम आपण सर्वच पाहत आहों.

कारण आपल्या घरांत आतां औषधांचा एक डबा असतो, आणि त्या डब्यांत मागल्या आजारांतल्या चार गोळ्या. शेजारणीच्या मुलाला ताप आला कीं त्या बाहेर निघतात. हा उपकार किती महागांत पडूं शकतो तें पाहा. पेनिसिलिनची कोणाकोणाला अशी विलक्षण बाधा होते कीं, कांहीं मिनिटांत गळा सुजून, रक्तदाब उतरून प्राणावर बेततें. ज्यांना ही बाधा आहे असें सांगितलें जातें त्यांतल्या पुष्कळांना ती नसते, हेंही खरें. पण कोणाला आहे व कोणाला नाहीं हें डब्याला समजत नाहीं, तें डॉक्टरांनीं विचारून व जरूर तर तपासून ठरवावयाचें असतें. टेट्रासायक्लिन लहान मुलांना दिल्यानें त्यांचे दांत कायमचे पिवळट होतात. स्ट्रेप्टोमायसिननें बहिरेपणा येऊं शकतो. गरोदर बाई, मूत्रपिंडाचा रोगी, आधींच दुसरीं औषधें घेणारा वृद्ध, यांच्यासाठीं औषध किंवा मात्रा बदलावी लागते. शेजारणीनें दिलेल्या चार गोळ्यांबरोबर यांतली कोणतीच माहिती येत नाहीं. आणि चार गोळ्यांत कोणताही क्रम पुरा होत नाहीं.

आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० चा व त्याखालचे नियम १९४५ चे. त्यांतील 'एच' परिशिष्टांतलीं औषधें चिठ्ठीवरच विकावयाचीं असतात. नियम होता, पण तो किती पाळला जाई हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. २०१३ मध्यें 'एच-१' हें नवें परिशिष्ट निघालें व १ मार्च २०१४ पासून तें अमलांत आलें. त्यांत ४६ औषधें घातलीं. त्यांतलीं बरींचशीं जालीम अँटिबायॉटिक आहेत. त्यांतलें एखादें विकलें कीं दुकानदारानें डॉक्टरांचें नांव, रोग्याचें नांव, औषध व त्याचें प्रमाण वेगळ्या वहींत लिहून ती वही तीन वर्षें जपून ठेवावयाची. २०१६ मध्यें केंद्र सरकारनें पाकिटावरच्या उभ्या तांबड्या रेघेचा अर्थ लोकांस समजावून देण्याची मोहीम काढली. उपाय उशिरां सुचला खरा. २०१९ या एका वर्षांत औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळें थेट मेलेल्यांची संख्या जगभरांत १२ लाख ७० हजारांच्या घरांत होती, असा अंदाज शास्त्रज्ञांनीं पुढें प्रसिद्ध केला.

त्या 'एच-१' यादींत सेफिक्झिम नांवाचें औषध आहे. तें सेफालोस्पोरिन कुळांतलें. त्याची कुळकथा अशी कीं, सार्डिनिया बेटांतील काल्यारी येथें सांडपाणी समुद्राला मिळतें त्या जागेच्या पाण्यांतून जुझेप्पे ब्रोत्सु या प्राध्यापकांनीं १९४५ मध्यें एक बुरशी मिळविली व पुढें ती ऑक्सफर्डला पाठविली. तेथें १९५० नंतरच्या दशकांत गाय न्यूटन यांच्या सहकार्यानें ज्यांनीं तिच्यांतून सेफालोस्पोरिन वेगळें काढलें, आणि पेनिसिलिनेजनें तें मोडत नाहीं असें पाहिलें, ते गृहस्थ एडवर्ड अब्राहम. पेनिसिलिनेजचें तें छोटें पत्र १९४० मध्यें लिहिणारेच. पुढें या कुळांतलीं औषधेंही मोडणारे पदार्थ जंतूंपाशीं आढळले, म्हणून तीं पुन्हां पुन्हां सुधारावीं लागलीं. सेफिक्झिम हें त्यांतल्या तिसऱ्या पिढीचें. आज तें आपल्या गल्लींतल्या दुकानांत मिळतें, आणि दुकानदाराला त्या वहींत ज्या औषधांची नोंद करावी लागते, त्यांत हेंही आहे.